बेताच्या जिद्दीची दहावी

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक बातमी हमखास असते. आई आणि मुलगी एकाच वर्षी पास. चाळिशीतल्या बाई, चार घरची धुणीभांडी, रात्री मुलं झोपल्यावर अभ्यास, गणितात काठावर पण पास. सोबत पेढा भरवतानाचा फोटो. बातमी खोटी नसते आणि त्या बाईंचं कौतुक करावं तेवढं थोडंच. माझी तक्रार आहे ती त्या बातमीतून आपण सोयीस्करपणे काढतो त्या अर्थाबद्दल. जिद्द असली की सगळं होतं, असं आपण म्हणतो आणि पान उलटतो. म्हणजे जी पास झाली नाही, जिनं फॉर्मच भरला नाही, तिच्यात जिद्द कमी होती, असं न बोलता ठरून जातं.

डॉक्टरांच्या घरातली, बँकेतल्या साहेबांच्या घरातली मुलं दहावी होतात ती काय जिद्दीवर होतात? बहुतेकांची जिद्द बेताचीच असते. ती पास होतात, कारण सकाळी कुणीतरी उठवतं, डबा देतं, फी भरतं, शिकवणीला सोडतं आणि परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर उभं राहतं. शाळा सुटलेल्या मुलाकडून मात्र आपण असामान्य जिद्दीची अपेक्षा ठेवतो. बेताच्या जिद्दीच्या माणसालाही परत येऊन दहावी होता आलं पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे. तसं होत नसेल, तर दोष माणसात शोधण्याआधी आपण मांडलेल्या व्यवस्थेत शोधायला हवा.

या बाबतीत महाराष्ट्राला पहिला धडा देणारं उदाहरण खुद्द जोतीराव फुल्यांचं आहे. पंतोजींच्या शाळेत थोडं शिकून झाल्यावर वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढलं आणि मळ्यातल्या कामाला लावलं. आजच्या भाषेत ते शाळाबाह्य मूल झाले. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी पोराची हुशारी पाहून गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. जोतीरावांच्या जिद्दीबद्दल शंका घेणारा अजून जन्माला यायचा आहे. पण त्या वर्षी ती जिद्द एकटी पुरली नसती. दोन शहाणी माणसं बापाकडे आली, बोलली, आणि बापानं ऐकलं. पुढे १८५५मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी पुण्यात रात्रशाळा काढली. ज्याला दिवसा वेळ नाही त्यानं आपली वेळ बदलावी, असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी शाळेची वेळ बदलली. १८८२च्या हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी करणारा हाच माणूस.

आज काय दिसतं? शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी आहे. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. शाळाबाह्य मुलांना शोधून वर्गात आणायला २०१७पासून ‘बालरक्षक’ म्हणून काम करणारे शिक्षक महाराष्ट्रात आहेत, पण त्यांचाही जोर याच वयोगटावर. आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की बालमजुरीचा कायदा त्या मुलाला ‘किशोर’ म्हणतो आणि धोकादायक नसलेल्या बहुतेक कामांवर ठेवायला हरकत घेत नाही. आधाराचे सगळे हात एकाच वर्षी सुटतात आणि कामाचं दार नेमकं त्याच वर्षी उघडतं. नववीत गळती होते याचं आपल्याला नवल वाटतं, याचंच मला नवल वाटतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते अठरा वयोगटाचं शिक्षण सार्वत्रिक करायचं म्हटलं आहे. पण धोरणात लिहिलेलं कोर्टात मागता येत नाही, त्याला कायदा लागतो.

गळती थांबवा, परत आणण्यावर पैसा कशाला, असं म्हणणारे भेटतात. पाण्याची गळती बंद करणं आणि सांडलेलं पुसणं यांत पहिलं काम शहाणपणाचं, असा त्यांचा हिशेब असतो. हिशेब वाईट नाही. फक्त इथं सांडलेली ती माणसं आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांना पुढची चाळीस वर्षं कामं शोधायची आहेत. पोलीस शिपाई व्हायचं तर बारावी लागते. अंगणवाडी सेविकेच्या भरतीलाही आता बारावीची अट आहे, म्हणजे गावात राहून बाईला मिळू शकणारी मानाची नोकरी दोन पायऱ्या वर गेली. कोकणातून आखातात कामाला जाणारा दहावी पास असला तर पासपोर्टवरच्या परवान्याची एक वेगळी कटकट वाचते. दहावीनं माणूस शहाणा होतो असा माझा दावा नाही. पण दहावी नाही म्हणून दारातूनच परत पाठवण्याचा अधिकार सगळ्यांनी घेतला आहे, आणि तो ज्यांनी घेतला त्यांनी दहावी होण्याची सोयही करावी.

सोय तर आहे, असं कोणी म्हणेल. खरं आहे, कागदावर दारं बरीच आहेत. जुलैतली फेरपरीक्षा २०१५पासून आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळे जिला एनआयओएस म्हणतात ती, १९८९पासून आहे. पाचवी-आठवीच्या समकक्ष परीक्षा घेणारं राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. रात्रशाळा आहेत. आणि सगळ्यात जुनं, सगळ्यात माहितीतलं दार म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म.

या सतरा नंबरकडे जरा जवळून पाहू. नियमित शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसायचं तर हा फॉर्म. आता तो ऑनलाइन भरतात, कागद नेमून दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत द्यायचे. मुख्य कागद म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला. तो बहुधा नसतो. घर गळकं होतं, पेटी भिजली. किंवा लग्नात माहेरी राहिला. किंवा मुळात काढलाच नव्हता, कारण शाळा सोडणं हा काही ठरवून केलेला कार्यक्रम नव्हता, एके दिवशी जाणं थांबलं एवढंच. मग जुन्या शाळेत खेटे. तिथले कारकून जनरल रजिस्टर काढतात, बोट फिरवत नाव शोधतात, आणि बाईंचं आजचं नाव त्यात नसतं. रजिस्टरात माहेरचं नाव, तेही हजेरी मांडणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलेलं. आधार कार्डावर सासरचं नाव. जन्मतारखेत जूनची एक तारीख, कारण त्या काळी गुरुजी सगळ्यांनाच ती देत. दुसरी प्रत हवी तर प्रतिज्ञापत्र करा. प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याला जा, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. एवढं करून दाखला हातात पडतो तेव्हा त्यावर वर्तणूक ‘चांगली’ आणि अभ्यासातील प्रगती ‘समाधानकारक’ असं लिहिलेलं असतं. शाळा सोडण्याचं कारण: ‘पालकांच्या अर्जावरून’. पालकांनी अर्ज केलेला नसतो. वडिलांना सही येत नसते.

हे सगळं पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत उरकावं लागतं. मुदत हुकली तर विलंब शुल्क, तेही हुकलं तर पुढचं वर्ष. आणि फॉर्म स्वीकारला गेला की त्या विद्यार्थ्याशी कुणाचा फारसा संबंध उरत नाही. प्रवेशपत्र घ्यायला या, प्रात्यक्षिकाला या, पेपरला या. मधल्या सहा महिन्यांत बीजगणित कोण शिकवणार? ज्यानं आठवीत शाळा सोडली आणि आज तो सव्वीस वर्षांचा आहे, त्याला अपूर्णांक आठवत नाहीत. मग तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर ‘नापास? वर्ष वाया घालवू नका’ असा बोर्ड लावलेला क्लास असतो. तिथं फी असते, गाइड असतं, आणि पास करून देण्याची अर्धवट खात्री असते. या क्लासवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण दाखला मिळवून देणं, फॉर्म भरून देणं, पेपरच्या आदल्या दिवशी फोन करून आठवण देणं, ही जी कामं सरकारनं करायला हवी होती ती तोच माणूस करतो, पैसे घेऊन का होईना.

मार्च २०२५च्या दहावीत राज्याचा नियमित निकाल ९४.१० टक्के लागला. सतरा नंबरनं बसलेल्या खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल ऐंशी टक्क्यांच्या घरात होता. पुनर्परीक्षार्थींचा मात्र चाळिसाच्याही आत. हे आकडे मला बोलके वाटतात. खाजगी विद्यार्थी हा मुळातच चाळणीतून आलेला असतो. कागदांची शर्यत पार करून फॉर्मपर्यंत पोचला म्हणजे त्याच्यामागे कुणीतरी आहे, क्लास आहे, किंवा तो खरोखरच त्या पेढ्याच्या फोटोतला माणूस आहे. पुनर्परीक्षार्थी मात्र शाळेच्या पटावरून उतरलेला असतो. तो जिथं नापास झाला त्या शाळेला त्याच्यासाठी वर्ग घ्यायचं बंधन नाही, उलट पुढच्या बॅचचा निकाल सांभाळायचा असतो. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज त्याच्याच वाट्याला सगळ्यात कमी शिकवणं येतं, आणि आपण निकालाच्या दिवशी चौऱ्याण्णवचा आकडा मोठ्या टाइपात छापतो.

रात्रशाळा हा याला एक खरा पर्याय होता, अजूनही आहे. मुंबईत गिरणगावानं त्या वाढवल्या. पाळी संपवून येणारे कामगार, हॉटेलातली पोरं, घरगडी यांच्यासाठी. गिरण्या गेल्या, विद्यार्थी बदलले, शाळा राहिल्या. साडेसहाच्या सुमारास वर्ग भरतात. इमारत बहुधा दिवसाच्या शाळेची, त्यामुळे प्रयोगशाळेला आणि वाचनालयाला त्यांचं कुलूप. सकाळी ज्या बाकांवर तिसरीची मुलं बसतात त्यांवर मिसरूड फुटलेला मुलगा बसतो तेव्हा त्याचे गुडघे खाली मावत नाहीत, म्हणून तो पाय बाहेर काढून तिरका बसतो. कुरिअरची पिशवी खिडकीत. बाई हजेरी घेतात तेव्हा ‘हजर’ ऐवजी शेजारचाच उत्तर देतो: बाई, तो कुर्ल्याला आहे, गाडीत. बाईही तसंच धरून पुढे जातात. पोटात दुपारचा वडापाव, आठ वाजता जांभया. ‘मासूम’सारख्या संस्थेनं २००८पासून रात्रशाळांत काम करताना खाण्याची आणि प्रयोगांची सोय हातात घेतली ती यामुळेच. भुकेल्या पोटी त्रिकोणमिती होत नाही, हे कळायला संशोधन लागत नाही.

आणि सरकारनं काय केलं? मे २०१७च्या शासन निर्णयानं दिवसा एका शाळेत आणि रात्री रात्रशाळेत शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांची रात्रशाळेतली सेवा संपवली. दुबार पगार नको, पूर्णवेळ शिक्षक हवा, हे तत्त्व म्हणून बरोबर होतं. पण गणित-विज्ञानाचे अनुभवी शिक्षक जून उजाडायच्या तोंडावर एका फटक्यात गेले. आधी बदली माणूस आणा, मग जुना काढा, एवढा साधा क्रम पाळला असता तर? रात्रशाळेतल्या मुलांचे आईबाप मोर्चा काढत नाहीत. काहींचे आईबाप बिहारात किंवा रत्नागिरीत असतात. दिवसाच्या शाळेत जूनमध्ये गणिताला शिक्षक नाही असं झालं असतं तर मंत्र्यांच्या बंगल्यासमोर गर्दी झाली असती.

आता मराठवाड्यात जाऊ, कारण मुंबईच्या रात्रशाळेनं बीडच्या मुलीचा प्रश्न सुटत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय परतता येत नाही. तोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं, नवरा आणि बायको. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं तर कोयता पूर्ण होतो, हे गणित दहावीच्या गणितापेक्षा लवकर सुटतं. लहान भावंडांसाठी साखरशाळा निघाल्या, गावात मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. पण दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात, आणि परीक्षा केंद्र गावाकडं. फडातून उठून कुणी भूगोलाचा पेपर द्यायला दोनशे किलोमीटर जाईल, अशी अपेक्षा फक्त मंडळाच्या वेळापत्रकालाच असू शकते. या मुलीला जिद्दीचं भाषण देऊन काय होणार? तिला ऑगस्टमध्ये परीक्षा हवी आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत गावातच शिकवणारं कोणीतरी.

तसं करता येतं याचा पुरावा बाहेर शोधायला नको. एनआयओएसची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते. पाच विषय, त्यांत एक भाषा हवीच, बाकी पुष्कळ निवड आपली. पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सोडवत जाता येतं, सुटलेला विषय जमा राहतो. दुसऱ्या मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण इथं आणता येतात. आणि गणित घेतलंच पाहिजे असं नाही. राज्य मंडळाची परीक्षा मात्र अजून त्या मुलासाठी बेतलेली आहे जो वर्षभर वर्गात बसतो आणि मार्चमध्ये सगळे पेपर एका दमात देतो. शाळेतल्या मुलाला ते जमतं. ज्याचा मुकादम किंवा सुपरवायझर दोन दिवसांच्या वर सुट्टी देत नाही, त्याला एका वेळी दोनच विषय द्यायची मुभा का नको?

गणिताचं बोललो की मंडळी लगेच सरसावतात. दर्जा घसरेल. गणित न येणारा दहावी पास म्हणवणार काय? मला हा आक्षेप गंभीर वाटतो, पण तो चुकीच्या जागी येतो. दर्जा म्हणजे शिकलेलं किती येतं ते. ते एका मार्चमध्ये दाखवलं की तीन वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी दाखवलं, यानं दर्जा बदलत नाही. गणिताबद्दल माझं मत असं, की फरशी बसवणाऱ्याला किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईला क्षेत्रफळ, टक्केवारी, व्याज यांचं पक्कं गणित यावं. ते येत असेल आणि वर्गसमीकरण येत नसेल तर तिचा दहावीचा दाखला अडवून समाजाचं काय भलं होतं ते कुणीतरी मला समजावून सांगावं. शिवाय २०२१ साली कोरोनात परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला, तेव्हा दर्जाचे हे पहारेकरी कुठल्या चौकीवर होते?

मात्र एनआयओएस हेही उत्तर पूर्ण नाही, आणि ते आहे असं मानणाऱ्यांची मला भीती वाटते. लवचीक परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे. पुस्तकांचा गठ्ठा पोस्टानं घरी आला म्हणजे दार उघडलं, पण आत माणूस नाही. शाळा सुटून आठ-दहा वर्षं झालेल्याला आधी पुन्हा वाचायची, लिहायची, तासभर एका जागी बसायची सवय लावावी लागते. ‘प्रथम’ या संस्थेनं मुली-स्त्रियांसाठी ‘सेकंड चान्स’ म्हणून जो कार्यक्रम २०११पासून चालवला, त्यात मुख्य अभ्यासाआधी काही महिन्यांचे पायाभूत वर्ग ठेवले, ते याच कारणानं. केरळात साक्षरता मिशन चौथी, सातवी, दहावी, उच्च माध्यमिक अशा समकक्ष परीक्षांची सबंध शिडी चालवतं आणि तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडलेले ‘प्रेरक’ माणसं गोळा करतात, सुट्टीच्या दिवशी वर्ग लावतात. प्रेरकांचं मानधन तुटपुंजं असतं, त्यावरून तिथंही आंदोलनं होतात, म्हणजे केरळ स्वर्ग आहे असं नाही. पण पंचायतीत एक माणूस असा आहे ज्याचं कामच हे आहे. आपल्याकडे ‘उल्लास’ या नवसाक्षरता कार्यक्रमाच्या कागदात मूलभूत शिक्षणाची समकक्षता हाही एक भाग आहे, प्रत्यक्षात सगळा भर पंधरा वर्षांवरच्यांच्या साक्षरता चाचणीवर आणि तिला किती बसले या आकड्यावर राहतो. नाव लिहिता यायला लागलं की आपली जबाबदारी संपली असं मानायची ही जुनी खोड आहे.

पैशाचाही प्रश्न आहेच, पण तो सांगितला जातो तेवढा मोठा नाही. इमारती आहेत, रात्री रिकाम्या असतात. डी.एड., बी.एड. झालेली तरुण मुलं-मुली गावोगाव भरतीची वाट पाहत बसली आहेत. परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा द्यायची सुरुवात सरकारला स्वतःपासून करता येईल. महापालिकांत ठेकेदाराकडून काम करणारे सफाई कामगार, सरकारी दवाखान्यांतल्या कंत्राटी मावशी, शाळांत खिचडी शिजवणाऱ्या बाई, यांच्यात दहावी न झालेले किती असतील याची कल्पना कुणालाही करता येते. शाळेतच राबणाऱ्या बाईला त्याच शाळेत संध्याकाळी दहावी करता येऊ नये, हे विचित्र नाही का? कवी नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, तिथून व्हर्नाक्युलर फायनल होऊन ते शिक्षक झाले. सुर्व्यांची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. किती शाळांनी त्यानंतर आपल्या शिपायाला परीक्षेला बसवलं, ते विचारत नाही.

आणि कोणाला बोलवायचं हे माहीत नाही, ही सबब तर आता उरलेलीच नाही. राज्याच्या शिक्षण खात्याच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर २०१५पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाची नोंद आणि क्रमांक आहे. गेल्या वर्षी नववीत होता आणि यंदा दहावीच्या यादीत नाही, असं नाव संगणक क्षणात काढून देईल. ही यादी आज निघते ती गळतीचा टक्का काढायला, आणि टक्का वर मंत्रालयात जातो. तीच यादी नावानिशी, पत्त्यानिशी जुलैच्या पहिल्या आठवड्यात केंद्रप्रमुखाच्या आणि ग्रामपंचायतीच्या हाती पडावी. सोबत सतरा नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरून देण्याची सोय, दाखल्याची दुसरी प्रत शाळेनंच तयार करून जोडलेली. प्रतिज्ञापत्राची अट अशा मुलांसाठी काढून टाकायला एक परिपत्रक पुरे. आणि घरी जाणाऱ्या माणसाला त्या फेरीचा भत्ता मिळावा, जनगणनेला मिळतो तसा.